सहक्षेपण केंद्राची बाजू

गेल्या जानेवारीत आमच्या बेळगावातल्या एका व्याख्यानमालेत पुण्याहून आलेल्या एका विद्वान वक्त्यांनी आम्हां सीमाभागातल्या मराठी माणसांचे तोंडभरून कौतुक केले. कौतुकाच्या ओघात ते म्हणाले, की सीमाभाग म्हणजे मराठी संस्कृतीचे सहक्षेपण केंद्र. कार्यक्रम मुंबई-पुण्यात तयार होतो आणि तुम्ही तो निष्ठेने पुढे पोहोचवता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन पानावर बसलो तेव्हा लक्षात आले, की या गृहस्थांनी आपल्याला मनोऱ्यावरची तबकडी म्हटले आहे.

वक्त्यांची उपमा फार ताणू नये, असे म्हणतात. मी ताणणार आहे. कारण दुसऱ्याचा कार्यक्रम दाखवणारे केंद्र काय करते आणि काय करत नाही, हे मी सहा वर्षे जवळून पाहिले आहे.

१९८३ ते १९८९ मी नोकरीनिमित्त शिकागोजवळ राहत होतो. तिथल्या अकरा नंबरच्या वाहिनीवर, म्हणजे डब्ल्यूटीटीडब्ल्यू या सार्वजनिक केंद्रावर, रविवारी रात्री उशिरा 'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका लागे. निळ्या रंगाच्या पोलीस चौकीएवढ्या खोक्यात बसून काळातून हिंडणारा एक विक्षिप्त प्रवासी, पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा भिंती आणि त्या भिंतींआडून येणारे राक्षस. सोमवारी सकाळी साडेसहाची गाडी असूनही मी जागत असे. आमच्या सौ. आधी हसल्या, मग त्याही बसू लागल्या.

आता वक्ते महाशयांची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत या मालिकेचे हाल झाले. १९७८ साली टॉम बेकर या नटाचे भाग तिथे विकले गेले, तेव्हा प्रत्येक भागातली काही मिनिटे कापली आणि हॉवर्ड द सिल्वा या अमेरिकन नटाच्या आवाजात मागचे-पुढचे समजावून सांगणारे निवेदन वर चिकटवले. जणू प्रेक्षकाला गोष्ट कळायचीच नाही! पुढे पुढे कित्येक केंद्रे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चार भाग एकत्र शिवून दीड तासाचा चित्रपट करून दाखवीत. प्रत्येक भागाच्या शेवटी नायक दरीच्या कडेला लोंबकळायचा आणि आठवडाभर आपण त्याच्याबरोबर लोंबकळायचे, ही तर या मालिकेची सारी गंमत. तो 'क्रमशः'च कात्रीखाली गेला. ऑस्ट्रेलियात सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल असे तुकडे कापले.

एवढे कबूल करूनही मी म्हणतो, की ती केंद्रे तबकड्या नव्हती. अमेरिकेत ही मालिका दाखवा, असा हुकूम कुठल्याही राजधानीतून निघालेला नव्हता. प्रत्येक सार्वजनिक केंद्राने ती आपापल्या पैशाने विकत घेतली आणि आपल्याला हव्या त्या वाराला, हव्या त्या वेळेला लावली. तो पैसा आमच्यासारख्यांकडून येई. वर्षातून काही वेळा कार्यक्रम मध्येच थांबवून केंद्राची माणसे वर्गणी मागत, मागे टेबलांवर फोन मांडलेले असत आणि ते उचलायला स्वयंसेवक बसत. काहींच्या गळ्यात डॉक्टरसारखे लांबलचक पट्ट्यापट्ट्यांचे मफलर! आमच्या सौ.नी एकदा फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने नावाआधी विचारले, की वर्गणी कुठल्या कार्यक्रमाच्या नावे लिहू? मालिका पुढच्या वर्षी राहणार की जाणार, हे त्या वहीवरून ठरे. लंडनला आमचे काही देणेघेणे नव्हते. अकरा नंबरच्या वाहिनीला होते.

मालिकेच्या विसाव्या वाढदिवसाचा खास भाग, 'द फाइव्ह डॉक्टर्स', शिकागोसह अमेरिकेतल्या काही केंद्रांनी नेमक्या वाढदिवशी, २३ नोव्हेंबर १९८३ ला दाखवला. खुद्द बीबीसीने तो ब्रिटनमध्ये दाखवला दोन दिवसांनी. सहक्षेपण आधी आणि क्षेपण मागाहून!

माणसाविना नुसता मनोरा कसा असतो, तेही पाहिले. २२ नोव्हेंबर १९८७, रविवार, रात्री सव्वाअकराचा सुमार. 'हॉरर ऑफ फँग रॉक' ही दीपगृहातली गोष्ट चालू होती. एकाएकी पडदा फाटल्यासारखा झाला आणि मॅक्स हेडरूम या दूरचित्रवाणीवरच्या पात्राचा मुखवटा घातलेला कुणी इसम हलत्या पत्र्यासमोर उभा राहून बरळू लागला. सुमारे दीड मिनिट हा तमाशा चालला. केंद्राला तो थांबवता आला नाही, कारण सिअर्स टॉवरवरच्या प्रक्षेपकापाशी त्या वेळी एकही अभियंता नव्हता. तो इसम कोण, हे आजवर कळलेले नाही. नुसते पुढे ढकलणारे यंत्र हवे असेल त्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी.

पण माझे खरे भांडण पुढेच आहे. 'कार्यक्रम केंद्रात तयार होतो' या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की तो केंद्रात जपलाही जातो.

बीबीसीने काय केले? १९६७ ते १९७८ या काळात 'डॉक्टर हू'च्या टेप पुसून पुन्हा वापरल्या आणि चित्रफितींच्या प्रतीही टाकून दिल्या. टेप महाग होत्या, ठेवायला जागा लागे, पुन्हा दाखवण्याचे हक्क संपत आले होते, आणि रंगीत जमाना आल्यावर कृष्णधवल कोण बघणार! सगळी कारणे शहाणपणाची. मग शोध सुरू झाला तो कुठे? जिथे जिथे या प्रती दाखवायला गेल्या होत्या, त्या दूरच्या केंद्रांत. न्यूझीलंडमध्ये १८ सप्टेंबर १९६४ ला क्राइस्टचर्चच्या केंद्राने ही मालिका परदेशात प्रथम दाखवली. तिथली केंद्रे तेव्हा एकमेकांना जोडलेली नव्हती, त्यामुळे आमच्याकडे तंबूतल्या सिनेमाची रिळे गावोगाव जात तशा चित्रफिती शहरोशहरी फिरत. 'टूम ऑफ द सायबरमेन'चे चारही भाग हाँगकाँगहून परत आले, १९९१ च्या अखेरीस. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने कापलेले तुकडे तिथल्या दप्तरात १९९६ साली सापडले. काही भागांचे तेवढेच तुकडे आज जगात हलताना दिसतात. 'द डीमन्स' या १९७१ च्या कथेचे बहुतेक भाग कृष्णधवलच उरले होते. अमेरिकेतल्या एका प्रेक्षकाने घरच्या यंत्रावर उतरवून घेतलेल्या प्रक्षेपणातून त्यांना १९९२ साली पुन्हा रंग आला.

आणि २०१३ साली नायजेरियातल्या जोस शहरात एकदम नऊ हरवलेले भाग मिळाले. कुठे मिळाले ते वक्ते महाशयांना मुद्दाम कळवावेसे वाटते. एका सहक्षेपण केंद्रात.

या केंद्रांना मी देवत्व देत नाही. दाखवून झाल्यावर प्रत परत करावी, पुढे धाडावी किंवा नष्ट करावी, असाच रिवाज होता. जे वाचले ते भक्तीने वाचले असेल तितकेच आळसानेही वाचले. कुणीतरी फडताळ आवरले नाही, एवढेच. पण लंडनने मात्र आवरले होते. २०१३ च्या त्या घबाडानंतरही पहिल्या सहा पर्वांच्या २५३ भागांपैकी ९७ गहाळच होते.

आता माझा गुन्हा सांगतो. १९८६ च्या गणेशोत्सवात आमच्या शिकागोकडच्या मराठी मंडळींनी एका शाळेच्या तळघरात एकांकिका केली होती. आमच्यातल्याच एका हुबळीकर डॉक्टरांनी लिहिलेली. निम्मे विनोद मराठीत, निम्मे कानडीत, आणि ते दोन्हींकडच्या माणसांनाच कळावेत असे. तिची कॅसेट माझ्याकडे होती. एका रविवारी रात्री कोरी कॅसेट सापडेना, तेव्हा मी तीच यंत्रात घातली आणि तिच्यावर 'डॉक्टर हू' उतरवला. मनाशी म्हटले, नाटके काय, पुण्या-मुंबईत रोज होतात. ते हुबळीकर डॉक्टर पुढे गेले. त्यांच्या मुलीने विचारणा केली तेव्हा संहिताही कुणाकडे निघाली नाही. ती कॅसेट अजून माझ्या माळ्यावर आहे. अमेरिकन पद्धतीची असल्याने ती इथल्या यंत्रावर कधी धड चाललीच नाही, आणि बेळगावच्या पावसाने आता तिला बुरशी धरली आहे. तिच्यावर जे आहे, ते आज बाजारात चकचकीत तबकडीवर विकत मिळते.

म्हणून त्या टाळ्या मला बोचतात. आपण नुसते पुढे पाठवणारे, असे एकदा पटले की आपल्या घरात जे आहे ती नक्कल, असेही पटते. मग नकलेची रद्दी व्हायला कितीसा वेळ! आमच्या वाचनालयाने यंदा निकालात काढायच्या मजकुराची यादी केली आहे. तीत इथे छापलेले जुने दिवाळी अंक आहेत, नाट्यमंडळांची हस्तपत्रके आहेत, सायक्लोस्टाइल केलेली हस्तलिखिते आहेत. एकूण अकरा गठ्ठे. कार्यकारिणीतल्या एका स्नेह्यांना विचारले, तर ते म्हणाले, "अहो, हे सगळं पुण्याच्या ग्रंथालयात असणारच की!" मी विचारले, "पाहिलंत का?" त्यांनी पाहिले नव्हते. जागा नाही, असेही ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात वाचनालयाची सर्वसाधारण सभा आहे. हे अकरा गठ्ठे रद्दीत देऊ नयेत, हा ठराव मी लिहून ठेवला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही.