महालक्ष्मीचें मैदान कोणाचें?

मुंबईंत महालक्ष्मी हें नांव उच्चारतांच भाविकांस देवीचें मंदिर आठवतें, कष्टकऱ्यांस धोबीघाट आठवतो आणि शौकिनांस घोड्यांच्या शर्यती. ह्या तिघांत जागा सर्वांत अधिक व्यापिली ती शर्यतींनीं. सन १८८३ पासून तेथें घोडे धावत आहेत. इंडियन डर्बीची पहिली शर्यतही १९४३ सालीं तेथेंच झाली. जवळच्या गिरणगांवांतील चाळींत एकेका खोलींत दहा-दहा माणसें दाटीनें राहत असतां, हाकेच्या अंतरावर दोनशेंहून अधिक एकर भूमि घोड्यांच्या टापांसाठीं राखून ठेविलेली होती!

ही भूमि शर्यतीच्या क्लबाच्या मालकीची नव्हे. ती महापालिकेची व राज्यसरकारची, म्हणजे पर्यायानें जनतेची. क्लबाकडे ती केवळ भाडेपट्ट्यानें आली. १९१४ चा ९९ वर्षांचा पट्टा २०१३ सालीं संपला. पुढचा निर्णय व्हावयास मात्र २०२४ साल उजाडलें. दुकानाचा परवाना वेळेवर नूतन न करणाऱ्या व्यापाऱ्यास इतकी सवलत कोणी देईल काय?

अखेर २११ एकरांपैकीं १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठीं व ९१ एकर २०५३ पर्यंत क्लबासाठीं, अशी वांटणी ठरली. ती आम्हांस एकंदरीत न्याय्य वाटते. कोणी म्हणेल कीं, शर्यती नसतांना लोकांस तेथें फिरावयास पूर्वीही मज्जाव नव्हता, मग नवें तें काय मिळालें? आमचें उत्तर असें कीं, ती मेहेरबानी होती. आतां जें मिळावयाचें तो हक्क आहे. मेहेरबानी देणारा केव्हांही परत घेऊं शकतो, हक्क तसा घेतां येत नाहीं.

परंतु हक्क कागदावर पक्का झाल्यावांचून टिकत नाहीं, हें वकिलीच्या अनुभवानें आम्ही सांगतों. आज उद्यान, उद्यां वाहनतळ, परवां सभागृह, ह्या क्रमानें मोकळी जागा कशी नाहींशी होते हें मुंबईकरांस शिकवावयास नको. म्हणून पट्ट्याच्या अटी व उद्यानाचा नकाशा मराठींत प्रसिद्ध व्हावा, आणि ह्या १२० एकरांवर कोणतेंही खासगी वा नफ्याचें बांधकाम होणार नाहीं असें बंधन कायद्यानेंच घालावें. सरकारचा हेतु शुद्ध असेल तर त्यास ह्यांत अडचण ती कसली? घोडामैदान जवळच आहे.