संयुक्ताधिकरण : जोडलेले साधन आणि विचाराचा क्षण

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे. प्रयोजनावाचून घडणाऱ्या हिंसेपासून दूर राहणे हा त्याचा गाभा. या व्रताच्या पाच अतिचारांपैकी एकाचे नाव संयुक्ताधिकरण. प्रतिक्रमणात त्याचा उच्चार नित्य होतो, पण अर्थाकडे लक्ष क्वचितच जाते. अधिकरण म्हणजे हिंसेला आधार होणारे साधन. ते गरज नसताना जोडून, वापरास सज्ज करून ठेवणे हा दोष मानला आहे. उखळाजवळ मुसळ, नांगराला फाळ, धनुष्याला बाण ही परंपरेने दिलेली उदाहरणे. सुटे भाग माणसाला थांबवतात. ते जोडण्यात जो वेळ जातो, त्या वेळात विवेक जागा होऊ शकतो. जोडलेले साधन तेवढी उसंत देत नाही.

या प्राचीन शब्दाचा अर्थ आज एका नव्या छंदाने अधिक स्पष्ट होतो. एअरसॉफ्ट हा बंदुकीसारख्या दिसणाऱ्या साधनांचा खेळ १९७०च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. १९९१ मध्ये तोक्यो मारुई या कंपनीने बॅटरीवर चालणारी स्वयंचलित बंदूक बाजारात आणली आणि तो जगभर पसरला. तिच्यातून ६ मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी सुटते. ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाली, तर तिची ऊर्जा १ ज्यूल भरते. अंगावर एवढ्याने वळ उठेल. डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते.

इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागलेली मुले या बंदुकीचा चाप उघडून त्यात स्वतः बनवलेला इलेक्ट्रॉनिक स्विच बसवतात. त्यामागचे कारण तांत्रिकदृष्ट्या रास्त आहे. मूळ रचनेत मोटरचा सगळा प्रवाह, कधी १५ ते २० अँपिअर, चापाखालच्या तांब्याच्या पट्ट्यांतून जातो. दर वेळी ठिणगी पडते, पट्ट्या काळवंडतात आणि जळतात. यावर उपाय मॉसफेटचा. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अताल्ला आणि डॉन कांग यांनी सिद्ध केलेल्या या घटकाला तीन पाय असतात. त्यांतील गेट या पायावर किंचित विद्युतदाब दिला की उरलेल्या दोन पायांमधून मोठा प्रवाह वाहू लागतो. चापाकडे आता केवळ इशारा देण्याचे काम उरते.

मात्र गेट हा लहानशा साठवणीसारखा असतो. बोट काढले तरी त्यावरचा भार आपोआप ओसरत नाही आणि मोटर फिरत राहू शकते. म्हणून गेटपासून ऋण टोकाकडे १० ते ४७ हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडावा लागतो. चाप सुटताच तो भार वाहून नेतो. मोटर थांबताना उसळणारा उलटा दाब सामावण्यासाठी तिच्या दोन टोकांवर डायोड लागतो. रेझिस्टर विसरला, तर कोणाचेही बोट चापावर नसताना बंदूक चालू शकते.

विचार करण्याजोगी गोष्ट येथेच आहे. या सुधारणेचा अभिमान कशाचा सांगितला जातो? चाप हलका झाला, प्रतिसाद जलद झाला, एका दाबात तीन गोळ्या सुटू लागल्या, याचा. इच्छा आणि कृती यांच्यामधले अंतर घटले, हेच त्याचे यश. व्रताला नेमके तेच अंतर राखायचे आहे.

‘पण हे तर खेळणे,’ असे उत्तर मिळेल. या उत्तराचा विचार जैन कथाकारांनी फार पूर्वी केला आहे. सोमदेवसूरींनी शके ८८१ मध्ये, म्हणजे इ. स. ९५९ मध्ये, पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलका’त यशोधर राजाची कथा येते. जिवंत प्राण्याचा बळी द्यायला तो तयार नव्हता. आईच्या आग्रहास्तव त्याने पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरी त्या संकल्पापायी मायलेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींतून भटकावे लागले. कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा भाव मात्र खरा होता.

हा प्रश्न घराइतकाच दुकानाचाही आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हाही अनर्थदंडाचाच प्रकार. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. ते पाहणे हा कायदा झाला. कोणते खेळणे मांडणीवर ठेवावे, हे श्रावकाला त्यापुढे जाऊन ठरवावे लागते.

मुलाच्या हातातील कौशल्य मात्र दोषी नाही. ते कशाला जोडायचे, एवढाच प्रश्न. शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा आणि भीमेपलीकडचा दौंडचा पट्टा उसाचा आहे. उसात बिबट्याचा वावर आहे. शिरूर तालुक्यात त्याच्या हल्ल्यांत माणसे, लहान मुलेही, दगावली आहेत. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला अंधारात मोटर चालू करायला जावे लागते. घरबसल्या पंप सुरू करणाऱ्या मोबाईल स्टार्टरमध्ये तत्त्व तेच आहे: इवलासा इशारा एका रिलेला, रिले स्टार्टरच्या कॉइलला आणि स्टार्टर मोटरला चालवतो. तेथेही रिलेच्या कॉइलवर तोच डायोड लागतो. अशा यंत्रामुळे एक माणूस रात्री घरात राहतो, आणि माणूस व बिबट्या यांची गाठ टळते. माणूस वाचतो तेव्हा पुढे बिबट्यावर उगारली जाणारी बंदूकही टळते.

म्हणून पालकांनी सोल्डरिंगची सामग्री हिरावून घेऊ नये. मुलाला जुन्या मोटरवर, बारा व्होल्टच्या दिव्यावर, पाण्याच्या टाकीच्या सूचकावर प्रयोग करू द्यावेत. पेटीत फ्यूज असावा आणि थ्री-फेजच्या जोडणीला जाणत्या वायरमनशिवाय हात लावू देऊ नये. बंदूक घरात आलीच असेल, तर डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याविना ती चालवू देऊ नये, आणि खेळ संपताच बॅटरी काढून वेगळ्या जागी ठेवावी. या खेळातील जाणकारही हीच शिस्त सांगतात. बॅटरी वेगळी का ठेवायची, असे मुलाने विचारले, तर त्याला उखळ आणि मुसळ यांचे उदाहरण सांगावे.