विश्लेषण : वाचता येते, मग समजत का नाही? पाचवीनंतरच्या मुलांना अवांतर पुस्तके का हवीत?

दुसरीतला मुलगा धडा घडाघडा वाचतो, तेव्हा घरात कौतुक होते. तोच मुलगा सहावीत विज्ञानाचे उत्तर लिहिताना अडला की ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि शिकवणी लावली जाते. गोष्टीची पुस्तके तोवर माळ्यावर गेलेली असतात, कारण ‘आता अभ्यास वाढला’. प्रत्यक्षात अवांतर पुस्तकांची सर्वाधिक गरज याच वयात असते. ती कशी आणि ही पुस्तके मुलांपर्यंत का पोहोचत नाहीत, याविषयी.

चौथी-पाचवीत नेमके काय बदलते?

हार्वर्ड विद्यापीठातील वाचनतज्ज्ञ जीन चॉल यांनी १९८३ मध्ये वाचनाच्या टप्प्यांची मांडणी केली. साधारण तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. त्यानंतर ते वाचून शिकू लागते, असे तिचे सार. पहिल्या टप्प्यात पुस्तकातले शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यातलेच असतात. अक्षरे जुळवली की अर्थ आपोआप कळतो. पुढच्या टप्प्यात शब्दच अनोळखी होतात. दोरीवरचे ओले कपडे उन्हात सुकतात, हे मुलाला ठाऊक असते. पण पुस्तक त्याला ‘बाष्पीभवन’ म्हणते. वाक्ये लांबतात, ‘त्यामुळे’, ‘तथापि’, ‘परिणामी’ असे जोडशब्द येतात. मूल प्रत्येक अक्षर बरोबर उच्चारते आणि तरी अर्थ हाती लागत नाही. चॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना गरीब घरांतील मुलांची घसरण नेमकी चौथीच्या सुमारास सुरू होताना दिसली. घरी अहिराणी, कोरकू, गोंडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसाठी तर हे अंतर दुहेरी असते. आधी प्रमाण मराठी आणि मग पुस्तकी मराठी.

आकडेवारी काय सांगते?

‘असर’ या ग्रामीण भारतातील सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार, सरकारी शाळांतील पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होते. सुधारणा झाली आहे, ती मान्य करायला हवी. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भरही तिसरीपर्यंत पायाभूत वाचन पक्के करण्यावर आहे. पण दुसरीचा मजकूर वाचता आला म्हणजे सहावीचा भूगोल समजेल, असे नाही. पायऱ्या चढून आलेल्या मुलाला पुढे चालायला रस्ता लागतो आणि तो केवळ पाठ्यपुस्तकांनी तयार होत नाही.

अवांतर पुस्तक असे काय शिकवते?

पाठ्यपुस्तक थोड्या पानांत खूप काही सांगते. त्यामुळे एखादा शब्द एकदा येतो, ठळक अक्षरांत छापला जातो आणि पुढच्या धड्यात गायब होतो. गोष्टीत तोच शब्द वेगवेगळ्या प्रसंगांत दहादा भेटतो. किल्ल्यावर घडणारी साहसकथा वाचलेल्या मुलीला बुरूज, खंदक, रसद, वेढा हे शब्द कुणी समजावून सांगावे लागत नाहीत. इतिहासाच्या तासाला ती थेट लढाईत शिरते. शेजारचा मुलगा ‘रसद म्हणजे काय’ इथेच थांबलेला असतो.

या पूर्वज्ञानाचे महत्त्व दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी केला. तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण बेसबॉलची माहिती असलेली मुले वाचनात हुशार, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे बेसबॉलच्या जागी क्रिकेट ठेवले की मुद्दा लगेच ध्यानात येतो. ‘गुगलीवर यष्टिचीत’ हे दोन शब्द एखाद्या मुलाला चित्रासारखे दिसतात, तर एखाद्या पदवीधरालाही ते कोडे वाटते. म्हणजे समजणे हे केवळ ‘वाचनकौशल्या’वर अवलंबून नसते, डोक्यात आधी काय साठले आहे, यावरही असते. ही साठवण पुस्तके करतात. जो वाचतो त्याला पुढचे सोपे जाते, म्हणून तो आणखी वाचतो. जो अडतो तो वाचन टाळतो आणि आणखी मागे पडतो. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये वाचनातील या वाढत्या दरीकडे लक्ष वेधले होते.

मराठीत अशी पुस्तके आहेत का?

लहानांसाठी बरीच आहेत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही चित्रपुस्तके घरातल्या साध्या गोष्टींमधून भाषा देतात. त्यांचेच ‘वाचू आनंदे’ हे संकलन बाल आणि कुमार अशा दोन गटांत आहे. उत्तम मराठी उतारे, चित्रे आणि कृती यांतून मोठ्या साहित्याशी ओळख करून देणारे. थोड्या मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे.

खरी चणचण बारा ते सोळा या वयोगटात आहे. या वयाचा वाचक चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर नाक मुरडतो आणि मोठ्यांची कादंबरी त्याला झेपत नाही. ‘श्यामची आई’ १९३५ ची; फास्टर फेणेची सायकलही गेल्या शतकातली. ही पुस्तके आजही वाचनीय आहेत, पण त्यांच्यावरच सगळा भार टाकता येत नाही. बदलते शरीर, तुटलेली मैत्री, मोबाइल, कामासाठी गाव सोडणारे आई-वडील, शहरातली एका खोलीतली राहणी यांबद्दल या वयासाठी मराठीत फार कमी लिहिले जाते. सोप्या, पण बाळबोध नसलेल्या भाषेतली विज्ञान, पर्यावरण, अर्थव्यवहार यांवरची पुस्तकेही मोजकीच आहेत.

असलेली पुस्तके मुलांच्या हाती का पडत नाहीत?

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आणि त्यात कथापुस्तकेही असणे अपेक्षित आहे. अनेक शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट असते. पुस्तक फाटले किंवा हरवले, तर नोंदवहीत त्याचा हिशेब शिक्षकाला द्यावा लागतो. त्यामुळे पुस्तक न देणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो. कपाट उघडते ते १५ ऑक्टोबरला, ‘वाचन प्रेरणा दिना’च्या छायाचित्रासाठी.

घरात वेगळी अडचण आहे. पालक पुस्तक विकत घेतात तेव्हा ‘यातून काय शिकायला मिळेल’ हे आधी पाहतात. म्हणून सामान्यज्ञानाचे प्रश्नसंच, थोरांची चरित्रे आणि तात्पर्य असलेल्या गोष्टी खपतात. मुलाने वाचून संपवल्यावर ‘यातून काय बोध घेतलास?’ हा प्रश्न येतोच. मग ते पुस्तकही दुसऱ्या अभ्यासासारखेच वाटू लागते.

मोबाइलवर वाचले तर चालेल का?

चालेल, पण आपोआप घडणार नाही. ‘असर २०२४’ मध्ये १४ ते १६ वयोगटातील ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी स्मार्टफोन वापरल्याचे सांगितले. समाजमाध्यमांसाठी वापरणारी सुमारे ७६ टक्के होती. उपकरण घरात आहे. वाचण्याजोगे काय आहे, हे मात्र घरात माहीत नसते. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून वाचनपातळीनुसार गोष्टी मोफत मिळतात, मराठीतही. ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. केंद्राच्या ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालया’त ३ ते १८ वर्षे वयाचे चार गट आहेत. ज्या गावात पुस्तकांचे दुकान नाही, तिथे हा मोठाच आधार आहे. मात्र वाचताना वरून संदेश येत राहिले तर कादंबरी टिकत नाही. त्यामुळे लांब वाचनासाठी कागदी पुस्तक किंवा निदान सूचना बंद केलेला मोबाइल हवा.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट फुकटची आहे. शाळेच्या वेळापत्रकात रोज वीस मिनिटे मुलांनी स्वतः निवडलेले पुस्तक वाचावे. त्यावर प्रश्न नाहीत, गुण नाहीत, सारांश नाही. सहावीतल्या मुलांनाही शिक्षकांनी मोठ्याने वाचून दाखवावे, कारण कानांना झेपणारी भाषा डोळ्यांना झेपणाऱ्या भाषेच्या पुढे असते. पान वाचताना पाचाहून अधिक शब्द अडले तर पुस्तक सध्या कठीण आहे, एवढा ठोकताळा मुलांना सांगावा आणि न आवडलेले पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्यावी.

दुसरी गोष्ट शासनाने करायची आहे. वापरून फाटलेले पुस्तक हे नुकसान न मानता रीतसर निर्लेखित करण्याची सोपी पद्धत शिक्षकाच्या हाती दिली, तर कुलूप उघडायला दुसऱ्या परिपत्रकाची गरज उरणार नाही. शालेय खरेदीत कुमारवयीन पुस्तकांसाठी वेगळा वाटा ठेवला, तर प्रकाशकही या वयासाठी लेखक शोधतील.

शिकवणीवर दरमहा खर्च करणाऱ्या घराला त्यातल्या थोड्या पैशांत महिन्याला एक पुस्तक परवडते. ज्या घराला तेही परवडत नाही, त्या घरातल्या मुलासाठी शाळेतले कपाट हा एकमेव मार्ग आहे. ते बंद राहिले की नुकसान त्याचेच सर्वात जास्त होते. ते नववीत दिसते, दहावीच्या निकालात मोजले जाते. पण त्याची सुरुवात पाचवीत झालेली असते.