तापाच्या माणसाचे अंग पाहा



पावसाळा आला की आपल्या वस्त्यांत घरोघरी ताप येतो. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड ही नावे आता लहान पोरांनाही पाठ आहेत. पण स्क्रब टायफस हे नाव अजून आपल्या घरांत पोचलेले नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भात या तापाने अनेकांचे जीव घेतले. काही दिवस वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, नंतर विषय मागे पडला. तो मागे पडू नये म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

टायफॉइडशी या आजाराचा संबंध नावापुरताच. गोचिडाच्या कुळातला, डोळ्याला सहज न दिसणारा एक बारीक किडा गवतात, झुडपांत आणि उंदीर-घुशी असतात तिथे राहतो. त्याची अळी चावली की जंतू अंगात शिरतो. चावल्याचे कळत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चावल्याच्या जागी अनेकांना काळी खपली दिसते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही. आणि ती असते काखेत, जांघेत, कमरेला, छातीखाली किंवा कानामागे. म्हणजे जिथे कोणी पाहत नाही तिथे.

आम्ही वॉर्डात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. निंदणीला जाणारी एक ताई आठ दिवसांच्या तापाने दाखल झाली. त्याआधी बाहेर इंजेक्शने आणि सलाईन घेऊन झाले होते, त्यासाठी उसनवारीही झाली होती. तिचे कपडे बदलताना काखेतली खपली आम्हाला दिसली. चुलीपाशी भाजले असेल असे समजून आम्ही गप्प राहिलो. दोन दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तपासले तेव्हा उलगडा झाला. गोळ्या सुरू होताच ताप उतरला आणि ती वाचली. पण ते दोन दिवस आमच्या मनातून जात नाहीत. शिकलेल्या आम्हाला कळले नाही, तर घरच्यांना कसे कळणार?

या आजाराचे औषध महाग नाही. डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी आहे. गरोदर बाईला डॉक्टर दुसरे औषध देतात. वेळेवर सुरू झाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम होतो आणि माणूस दगावू शकतो. तापावर सर्रास दिली जाणारी काही इंजेक्शने या जंतूवर चालत नाहीत. म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणू नका, पण डॉक्टरांना सगळे सांगा. किती दिवस ताप आहे, शेतात किंवा गवतात काम केले का, अंगावर खपली आहे का. खपली सगळ्यांनाच येत नाही, म्हणून गवतातल्या कामाचे आवर्जून सांगा. बायांनी लाजू नये. घरातल्या बाईने बाईचे अंग पाहावे, दवाखान्यात सिस्टरला बाजूला बोलावून सांगावे.

अमेरिकेत गोचीड चावल्याने होणारा लाइम नावाचा आजार आहे. लाइम हे तिथले एक गाव. तिथल्या पॉली मरे या आईच्या घरात सांधे सुजण्याचा त्रास होता आणि डॉक्टरांकडून नीट उत्तर मिळत नव्हते. तिने आसपासच्या आजाऱ्यांची नोंद केली आणि १९७५ मध्ये आरोग्य खात्याला कळवले. तपास झाला आणि १९८२ मध्ये जंतू ओळखला गेला. सुरुवात एका आईच्या टिपणांतून झाली. आपल्या महिला मंडळांनाही हे जमेल. वस्तीत कोणाला किती दिवस ताप आहे, हे वहीत लिहा आणि आशाताईंना दाखवा.

दिंडोरी-निफाडच्या बागांत निंदायला कोण जाते? नाल्याकाठचे गवत कोण कापते? संडास नाही म्हणून झुडपांत कोणाला बसावे लागते? आपल्याच माणसांना. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घाला, कामावरून आल्यावर साबणाने अंघोळ करा, कामाचे कपडे गरम पाण्याने धुवा, गवतावर वाळत घालू नका. पण सगळा भार आपल्यावरच का? सफाई कामगारांना बूट मिळालेच पाहिजेत. वस्तीभोवतीचे गवत आणि कचरा महापालिकेने वेळेवर काढलाच पाहिजे. सरकारी दवाखान्यात या आजाराच्या रक्ततपासणीची सोय आणि गोळ्या हव्यात, भिंतीवर मराठीत माहिती हवी. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

वर्षावासात संध्याकाळी आपण विहारात जमतोच. ग्रंथवाचन झाल्यावर पाच मिनिटे या तापावर बोला. आणि उद्या घरात कोणी तापले, तर कपाळावर हात ठेवून थांबू नका. काखही पाहा.