आधी टोळी, मग मोळी

मागच्या गाळप हंगामात कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यातून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पंधरवडा बिल निघंना." वजनकाट्याचा प्रोग्राम त्यानंच पायथॉनमध्ये लिहिला होता आणि तो पंधरा दिवस बिनबोभाट चालला होता. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ ऊस, पावती. रात्रपाळीतसुद्धा एकदाही अडला नव्हता. सोळाव्या दिवशी बिलाची एक्सेल यादी काढायचं बटण दाबलं आणि प्रोग्राम बंद पडला. पडद्यावर एरर होती: 'ओपनपायएक्सेल' नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

कारण दोन मिनिटांत कळलं. एक्सेल फाइल लिहिणारी ती लायब्ररी काट्यावरच्या संगणकात बसवलेलीच नव्हती. मुलाच्या लॅपटॉपवर ती आधीपासून होती, त्यामुळे त्याला घरी काही जाणवलं नाही. बसवायच्या लायब्रऱ्यांची यादी त्यानं फाइलच्या वरच्या ओळी बघून केली होती आणि या लायब्ररीचं इम्पोर्ट वर नव्हतंच. ते होतं खाली, आठशे ओळींच्या पलीकडे, बिल काढणाऱ्या फंक्शनच्या पोटात. फंक्शनच्या आतली ओळ पायथॉन ते फंक्शन बोलावल्याशिवाय चालवत नाही. म्हणजे चूक पंधरा दिवस तिथंच बसून होती. तीच ओळ फाइलच्या माथ्यावर असती तर प्रोग्राम पहिल्याच सकाळी अडला असता, पहिली गाडी काट्यावर चढायच्या आत. त्या संगणकाला इंटरनेट नव्हतं. लायब्ररी पेनड्राइव्हवर आणून बसवेपर्यंत दिवस मावळला. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात. बिलासाठी थांबलेल्या माणसाला एक दिवससुद्धा थोडा नसतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. इम्पोर्ट फाइलच्या माथ्यावरच लिहा. बॉयलर पेटवून, गव्हाणीत मोळी टाकून झाल्यावर कुठलाही कारखाना तोडणी टोळीचा मुकादम शोधायला निघत नाही. करार आणि उचल हंगामाच्या आधीच उरकलेली असते. प्रोग्रामला काय काय लागणार आहे, हेही तसंच पहिल्या पडद्यावर दिसायला हवं. पायथॉनच्या लेखनशैलीचा दस्तऐवज, 2001 सालचा पेप-8, हेच सांगतो: फाइलची ओळख करून देणारा मजकूर संपला की लगेच इम्पोर्ट, आणि त्यांचेही तीन गट. आधी पायथॉनबरोबर येणाऱ्या लायब्रऱ्या, मग बाहेरून बसवलेल्या, शेवटी आपल्याच प्रकल्पातल्या फाइली, मध्ये एकेक ओळ मोकळी. यातला मधला गट मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्या संगणकावर तोच दगा देतो.

जावावाल्या मुलांना ही शिस्त कंपायलरच लावतो. तिथं क्लास सुरू झाल्यावर इम्पोर्ट लिहिताच येत नाही. पायथॉन कुठंही लिहू देतो, आणि मुलं त्या मोकळीकीला सोय समजतात. जिथं गरज पडली तिथं ओळ चिकटवली, चाललं, पुढं गेले. "आत टाकलं की प्रोग्राम लवकर सुरू होतो" असंही कुणी सांगतं. मोठी, जड लायब्ररी असेल तर ते खरं आहे, पण वीस-पंचवीस लहान लायब्रऱ्यांच्या प्रोग्राममध्ये तो फरक माणसाला जाणवतही नाही.

दुसरी सबब फेऱ्याची असते. बिलाच्या फाइलला शेतकऱ्यांची फाइल हवी, शेतकऱ्यांच्या फाइलला बिलाची. दोन्ही इम्पोर्ट वर ठेवले की पायथॉनला अर्धवट तयार झालेलं मॉड्यूल हाती लागतं आणि एरर येऊ शकते. मग एक इम्पोर्ट फंक्शनमध्ये दडवलं जातं. हे दुखणं दाबणं झालं. दोघांना लागणारा भाग काढून तिसऱ्या फाइलमध्ये ठेवला की फेरा सुटतो आणि दोन्ही इम्पोर्ट वर येतात.

आत लिहिण्याला खरं कारण असूही शकतं. वर्षातून एकदा लागणारी जड लायब्ररी असेल, किंवा ती नसली तरी बाकीचा प्रोग्राम चालावा अशी रचना असेल. तिथं आत लिहा, पण शेजारी कारणाची एक ओळ लिहा, नाहीतर मागून येणाऱ्याला ती हयगयच वाटेल. पायथॉनच्या कर्त्यांनी 2025 मध्ये पेप-810 मंजूर केला. त्यात 'लेझी' हा शब्द लावून लायब्ररीचं लोडिंग लांबवता येतं. पण तो शब्द फाइलच्या वरच्या पातळीवरच चालतो, फंक्शनच्या आत नाही. लायब्ररी बसवलेली नसेल तर ते त्यातही उशिराच कळेल, तो धोका आहे. तरी काय लागतं ते निदान वर लिहिलेलं राहतं.

सांगली, सातारा, कऱ्हाड इथली अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनं दरवर्षी शेकडो मुलं बाहेर पाठवतात. त्यांतली बरीच पुण्याला जातात, काही इथंच राहून कारखाने, पतसंस्था, दूध संघांचे प्रोग्राम लिहितात. या गावोगावच्या कामात चूक पकडायला दुसरा माणूस नसतो. म्हणून परीक्षक मित्रांना विनंती आहे. येत्या प्रात्यक्षिक परीक्षेत आउटपुट बघायच्या आधी फाइलच्या पहिल्या वीस ओळी वाचा, प्रोग्राम विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर न चालवता प्रयोगशाळेतल्या कोऱ्या संगणकावर चालवून घ्या, आणि इम्पोर्टच्या जागेला दोन गुण ठेवा.