मापं मांडावीत ती मोजून पाहता यावीत म्हणून

घरातला संग्रह मांडताना मी एकच कसोटी लावते. ती वस्तू काय काम करायची, हे पाहणाऱ्याला कुणी न सांगता कळलं पाहिजे. काचेचं कपाट आणि आतली रोषणाई यांचा विचार त्यानंतर.

माझा संग्रह धान्य मोजायच्या जुन्या मापांचा आहे. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा तिथली मापं माझ्याकडे आली आणि पुढे मोडवाल्यांकडून, आठवडी बाजारांतून त्यात भर पडत गेली. पितळी, लोखंडी, पत्र्याची, लाकडी अशी सगळी मापं आहेत. ती मी आधी उंचीप्रमाणे ओळीत लावली होती, तेव्हा पाहुणे "छान आहेत" म्हणून चहाकडे वळत. आता ती नात्याने लावली आहेत. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. शेजारी परातीत ज्वारी असते. फळी मुद्दाम खाली, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठोकली आहे. येणारं प्रत्येक मूल कोळव्याने चिपटं भरून पाहतं. पायलीत ६४ निळवी मावतात, हे त्याला पाठ करावं लागत नाही. गणिताची शिक्षिका म्हणून सांगते, दुपटीचा पाढा इतक्या लवकर मी फळ्यावर कधी शिकवू शकले नाही.

यात एक गंमत मोठ्यांनाही कळते. सगळ्या पायल्या सारख्या नसतात. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीत ओतली की धान्य कधी कमी पडतं, कधी सांडतं. शीग लावून मोजायचं की काठाला सपाट, यानेही फरक पडतो. १९५६च्या कायद्याने देशभर मेट्रिक पद्धत का आणावी लागली, हे दोन पायल्या शेजारी ठेवल्या की समजतं. तेव्हा वेगवेगळ्या गावांची मापं एकत्र मिसळून ठेवू नका, जोडीने ठेवा.

दुसरी गोष्ट निवडीची. सगळंच एकदम मांडायचा मोह आवरला पाहिजे. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, भांडी, वाद्यं, दरवाजे जमवले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. १९७५ साली तो संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारला दिला. तिथल्या वस्तू वीस हजारांच्या आसपास आहेत आणि त्यांतला थोडाच भाग एका वेळी दालनांत दिसतो. एवढ्या मोठ्या वाड्याला जे जमत नाही, ते दोन खोल्यांच्या फ्लॅटने करायला जाऊ नये. एक साखळी मांडावी, बाकीचं सुती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत ठेवावं आणि अधूनमधून बदलावं. फ्लॅट लहान आहे म्हणून संग्रह माळ्यावर टाकला, ही सबब मला पटत नाही. एका फळीला कितीशी जागा लागते?

तिसरी गोष्ट घासण्याची. जुनं पितळ मशीनवर पॉलिश करून आणण्याची टूम सध्या आहे. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, ते करू नका. मापांच्या काठावर सरकारी तपासणीचे छाप असतात, कधी मालकाचं नाव ठोकलेलं असतं, आणि यंत्राच्या चाकाखाली ते कायमचं झिजतं. पितळ मऊ कापडाने पुसलं तरी पुरतं. लोखंडी मापाला ओला हात लागला तर लगेच कोरडं करावं आणि तेलाचं बोट फिरवावं. लाकडी माप भिंतीला टेकवू नये, ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात.

आणि कुंड्या! दिवाणखान्यात पायलीला खालून भोक पाडून त्यात मनीप्लांट लावलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. दिसतं ते छान, हे मान्य. पण भोक पडलेली पायली पुन्हा कधीही धान्य मोजणार नाही. झाडासाठी मातीची कुंडी स्वस्तात मिळते, जुनी पायली मात्र पुन्हा मिळत नाही. वस्तूचं काम मारून तिची शोभा करणं मला मुळीच मान्य नाही.

सगळ्यात महत्त्वाची आहे चिठ्ठी. माप कुठल्या गावचं, कुणाकडून आलं, त्यात काय मोजत, हे जाड कागदावर लिहून मापाच्या आत ठेवावं. काठावर चिकटवू नये, डिंकाचा डाग राहतो. ज्यांनी हे माप हातात धरलं ती पिढी सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्याशिवाय ही माहिती दुसरीकडे मिळणार नाही. चिठ्ठी नसलेली पायली पुढच्या पिढीला मोडीचं पितळ वाटेल आणि किलोच्या भावाने जाईल.

तेव्हा येत्या रविवारी माळ्यावरची पेटी उतरवा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, एकेक माप त्यांच्या हातात द्या आणि ते बोलतील ते लिहून घ्या. फळी त्यानंतर ठोका.