आपले आभार, त्यांच्या तोंडी

फेब्रुवारी आला की ताईचा मेसेज येतो. "अरे, तू इंजिनियर ना? एवढं गाणं कापून दे." गेल्या वर्षी मोठ्या भाच्यासाठी दिलं होतं, यंदा धाकट्या भाचीसाठी हवंय. सीनियर केजीचा 'ग्रॅज्युएशन डे' मार्चमध्ये असतो. मुलं भाड्याचे काळे झगे आणि गोंडेवाल्या चौकोनी टोप्या घालून स्टेजवर उभी राहतात आणि टीचर लोकांचे आभार मानणारं एक गाणं म्हणतात. ते गाणं साडेतीन मिनिटांचं करून देणं, मधलं म्युझिक उडवणं, शेवट हळूहळू विरत नेणं, ही माझ्याकडची कामं. चार वर्षं इंजिनियरिंग आणि पाच वर्षं नोकरी केल्यावर घरच्यांना माझा झालेला हा ठोस उपयोग.

यंदा मी ते काम करायला नकार दिला आहे. घरात त्यावरून थोडा धुरळा उडालाय. 'एका गाण्याचं काय घेऊन बसलास' असं सगळ्यांचं म्हणणं आहे, म्हणून काय घेऊन बसलोय ते एकदा नीट लिहून काढतो.

आधी गाणं कसं निवडलं जातं ते सांगतो. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल येतो. त्यात दोन हिंदी सिनेमांतली गाणी असतात, एक यूट्यूबवरचं इंग्रजी गाणं आणि 'मराठीही असू दे' म्हणून एक मराठी भावगीत. चर्चेत एकच निकष वारंवार येतो, 'हे ऐकून रडूच येतं.' कोणाला रडू येतं? तिशी-पस्तिशीतल्या आईबापांना. साडेपाच वर्षांच्या मुलीला काय येतं, हा प्रश्न त्या पोलमध्ये नसतो. जिंकतं ते हिंदी गाणं. मग टीचरच ते मुलांकडून महिनाभर बसवून घेतात. म्हणजे ज्यांचे आभार मानायचे, त्यांनीच आपल्या आभाराची तालीम घ्यायची आणि सूर चुकला तर दामटायचंही त्यांनीच. सत्कारमूर्तीनंच स्वतःचा हार ओवावा, असला प्रकार.

गेल्या वर्षी मला तालमीचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, कुठे कापायचं ते कळावं म्हणून. ऑडॅसिटीमध्ये उघडलं की आवाजाचा आलेख दिसतो. मागचा ट्रॅक कमी करून मुलांचे आवाज तेवढे पाहिले, तर जवळजवळ सपाट रेघ आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टेंगूळ. मुलांना ओळीचा शेवटचा शब्द येत होता, तो ती जीव खाऊन ओरडत होती आणि पुढच्या टेंगळापर्यंत गप्प उभी राहत होती.

यात मुलांची चूक नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा गळा सहज फिरतो तो पाच-सहा सुरांत. सिनेमातलं गाणं बसलेल्या गळ्यासाठी बांधलेलं असतं. ते दीड सप्तक सहज हिंडतं, कडवं खाली सुरू होतं आणि ध्रुवपदाला एकदम वर उडी मारतं. मी पट्टी चढवून पाहिली. कडवं मुलांच्या आवाक्यात आलं, ध्रुवपद आभाळात गेलं आणि मूळ गायक कार्टूनमधल्या खारीसारखा वाजायला लागला. पट्टी उतरवली तर उलटं झालं. श्वासाचंही तेच. मोठ्यांची एक ओळ म्हणेपर्यंत लहानग्यांचा दम दोनदा संपतो. सॉफ्टवेअरमध्ये याला बग म्हणता येत नाही, कारण प्रोग्रॅम बरोबर आहे, फक्त तो दुसऱ्याच मशीनसाठी लिहिलेला आहे.

मग मी काय केलं? सगळे करतात तेच. मूळ गायकाचा आवाज पूर्ण ठेवला, मुलांपुढचे माइक बंद ठेवायला सांगितलं. कार्यक्रम झकास झाला. समोर दीडशे मोबाइल वर होते. मुलांनी ओठ हलवले, हात हलवले, शेवटी 'थँक्यू टीचर' असं एकसाथ ओरडली. टीचर रडल्या, आया रडल्या. आठ दिवसांनी भाच्याने विचारलं, "मामा, 'एहसान' म्हणजे काय?" ज्या शब्दाने त्याने भर सभेत आभार मानले होते, तो शब्द त्याला माहीत नव्हता. आणि त्याला तो न समजताही कार्यक्रम पार पडावा, याची सोय मीच करून दिली होती.

माझा मुद्दा गाणं हिंदी की मराठी हा नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर चर्चा तिकडेच जाईल. अवघड मराठी भावगीत दिलं असतं तरी हेच झालं असतं. मुद्दा असा की टीचरचं देणं आपण लागतो. आपण नऊ तास ऑफिसात असताना आपलं पोर कोणीतरी सांभाळलं, त्याची चड्डी बदलली, त्याने चावा घेतला तेव्हा त्याला न मारता समजावलं. हे उपकार पालकांवर आहेत. ते फेडायची, निदान बोलून दाखवायची जबाबदारीही पालकांची. ते करायला आपल्याला अवघड वाटतं. मग आपण आपले आभार मुलांच्या तोंडी घालतो आणि समोर बसून व्हिडिओ काढतो.

मुलाचं आणि टीचरचं नातं वेगळंच असतं. त्यात उपकाराचा हिशोब नाही. आपल्या भाषेतही जवळच्या माणसाचे आभार मानत नाहीत. आजीने लाडू दिला तर 'आजी, मी आपला ऋणी आहे' असं कोणी म्हणत नाही. लाडू खातात आणि दुसरा मागतात. निरोपाचंही तसंच. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जाते' म्हणणाऱ्या पोरीला आजी अजून उंबऱ्यावर थांबवते. या भाषेत वाढणाऱ्या मुलांना आपण स्टेजवर उभं करून अलविदाची गाणी म्हणायला लावतो.

मुलांजवळ स्वतःचं गाणं नसतं असं नाही. भाची घरी रोज बाहुल्यांची शाळा भरवते. जेवायच्या आधी सगळ्या बाहुल्यांना रांगेत उभं करते आणि म्हणते, 'नळ चालू, हात चोळू, नळ बंद, वास घेऊ!' मग एकेकीचे हात हुंगते. हे त्यांच्या टीचरने स्वतः जुळवलेलं आहे. वीस मुलं, दोन नळ आणि एक साबण एवढ्या भांडवलावर. तीन-चार सुरांत मावतं, एका श्वासात संपतं, प्रत्येक शब्द कळतो. मुख्य म्हणजे म्हणताना भाचीचा आवाज हुबेहूब टीचरचा होतो. कोणाची आठवण जपणं याहून वेगळं काय असतं? पण पोलमध्ये हे गाणं कधी येणार नाही, कारण ते ऐकून पालकांना रडू येत नाही.

ऑफिसातला एक सहकारी चार वर्षं तोक्योजवळ राहून आला आहे. त्याची मुलगी तिथल्या पाळणाघरातून बाहेर पडली तीही मार्चमध्येच, आणि तिथेही निरोप समारंभ असतो, गाणी असतात, आया रडतात. त्याने मला 'ओमोइदे नो आरुबामु', म्हणजे 'आठवणींचा अल्बम', हे तिकडचं नेहमीचं गाणं ऐकवलं. शब्द मासुको तोशी यांचे, चाल होंडा तेत्सुमारो यांची. गाणं मुलांना एवढंच सांगतं की आठवून बघा. मग वसंतातलं, उन्हाळ्यातलं, पुढच्या ऋतूंतलं असं वर्ष उलगडत जातं. चाल संथ आहे, लहान मुलाला पेलेल अशी. जपानचं सगळं थोर असं मला म्हणायचं नाही, तिथेही पॉप गाणी वाजतातच. पण मुलांच्या तोंडी आपण काय घालावं, याचा कोणीतरी मुलाच्या उंचीवर बसून विचार केला होता, हे त्या गाण्यात ऐकू येतं.

आपल्याकडे असा विचार झाला नाही असं कुठे आहे? ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं आणि 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथे रुजला. पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी तो जन्मभर चालवला. मुलाला आपल्याकडे ओढायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं, एवढं साधं तत्त्व. ग्रॅज्युएशन डेला आपण नेमकं उलट करतो. मूल आपल्या अंगणात आणून, आपला झगा घालून, आपलं गाणं म्हणायला उभं करतो.

आणि 'अंगणवाडी' या शब्दाचं पुढे काय झालं तेही पाहा. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिथल्या सेविका आजही 'मानसेवी'. त्यांना पगार नसतो, मानधन असतं. 2018 साली केंद्राने ते वाढवलं, म्हणजे सेविकेला महिना 4,500 आणि मदतनिसाला 2,250 रुपये केलं. राज्य त्यात आपली भर घालतं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे 2022 साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी कोणी गाणं बसवल्याचं मला आठवत नाही. खासगी प्लेस्कूलची गोष्ट निराळी असं तुम्ही म्हणाल. मग तुमच्या मुलाच्या टीचरला महिन्याला किती मिळतात हे तुम्ही कधी विचारलं आहे का? मी गेल्या वर्षी विचारलं. ताई आणि भावजी भाच्याच्या फीपोटी महिन्याला जेवढं भरत होते, त्याच्या दुपटीहून तो आकडा कमी होता, आणि वर्गात वीस मुलं होती.

यावर मला तीन उत्तरं मिळाली. पहिलं, 'मुलांना कृतज्ञता शिकवायला नको का?' हवीच. पण ती मोठ्यांना करताना बघून शिकतात. बाबा दारात थांबून टीचरशी नीट बोलतो, मावशींना नावाने हाक मारतो, हे रोज बघणारं मूल शिकतं. दुसरं, 'टीचरना आवडतं, त्या रडतात.' रडतीलच, मुलं चालली आहेत. त्या पहाडा म्हणणारी मुलं बघूनही रडल्या असत्या. तिसरं, 'एवढा आनंदाचा दिवस, कशाला विचका करतोस?' याला मात्र माझ्याकडे बरं उत्तर नव्हतं. आनंद खोटा नाही, हे मलाही दिसतं. गेल्या वर्षी माझेही डोळे भरले होते. म्हणूनच मी दिवस रद्द करा म्हणत नाही, कामं वाटून घ्या म्हणतोय.

ग्रुपवर ताईने माझ्या वतीने हे टाकलं आहे. मुलं तेच म्हणतील जे वर्गात टीचरबरोबर रोज म्हणतात, ट्रॅकशिवाय, माइक चालू ठेवून. बेसूर झालं तर बेसूर. त्यानंतर पालक स्टेजवर चढतील आणि गाणं म्हणायचं तर स्वतः म्हणतील, नाहीतर दोन वाक्यं बोलतील. गेल्या वर्षी त्या पूर्ण वेळ बाथरूमच्या दारापाशी मॉप घेऊन उभ्या होत्या, त्या मावशींना पुढच्या रांगेत खुर्ची. आणि संचालकांना सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र, टीचर आणि मावशींच्या पगारवाढीसाठी, त्यापोटी फी थोडी वाढली तरी चालेल असं लिहून.

माइक आणि खुर्चीला बहुतेकांचा होकार आला आहे. स्टेजवर चढायला सात जण तयार आहेत. पत्रावर अजून फक्त तीन सह्या आहेत, त्यातली एक ताईची, एक भावजींची. बाकीच्यांनी हात जोडल्याचा इमोजी पाठवला आहे.